एक चिंचोका जास्त

काटासाहेबांनी उभ्या नोकरीत कुणावर आवाज चढवला नाही. ते नुसते दुकानासमोर येऊन उभे राहायचे. मग वाणी गल्ल्यावरून उठायचा, हात जोडायचा, "या साहेब, चहा घ्या" म्हणायचा, आणि साहेब चहाकडे ढुंकूनही न बघता तागडीच्या पारड्याखाली बोट फिरवायचे. पारड्याच्या पोटाला चिंचेचा गोळा चिकटवून गिऱ्हाइकाला थोडं थोडं कमी घालायचं, ही त्या वेळची सर्रास चलाखी. गोळा बोटाला लागला की साहेब तो काढून वाण्याच्याच तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हे तुमचं. बाकीचं सरकारचं." तागडी जप्त व्हायची. वाण्याच्या बायकोनं पाय धरले तरी व्हायची. साहेब शुक्रवार पेठेतून चालले की दोन्ही बाजूंची वजनं आपोआप खरी होतात, असं लोक म्हणायचे.

वजनमापं खात्यातून ते निवृत्त झाले तेव्हा व्यापाऱ्यांनी आनंदानं पेढे वाटले. साहेबांनी त्यातला एक उचलला, तळहातावर तोलला आणि "हाही कमीच" म्हणून पुन्हा खोक्यात ठेवला. घरीही तोच कारभार. काकूंनी भाजीत मीठ जास्त घातलं तर ते ताट सरकवायचे नाहीत, सगळं जेवायचे आणि हात धुताना शांतपणे म्हणायचे, "पाव चमचा." बत्तीस वर्षं काकूंनी हे ऐकलं. माणूस शिव्या देईल तर परवडला, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

अशा माणसाच्या हाती राक्षसांचा खेळ यावा ही देवाचीच थट्टा. सत्त्याहत्तर साली अमेरिकेत शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं येणाऱ्या कुणाबरोबर एक खोका पाठवला. आत तीन पातळ इंग्रजी पुस्तकं आणि चमत्कारिक फासे. एक चार तोंडांचा, एक तर वीस तोंडांचा. खेळ असा की एकानं भुयार रचायचं, त्यात राक्षस ठेवायचे, आणि बाकीच्यांनी कुणी ढालाईत, कुणी मांत्रिक, कुणी चोर होऊन त्यात उतरायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळं बोलून करायचं आणि मारामारी आली की फासा टाकायचा. साहेबांनी आठ दिवस पुस्तकं वाचली आणि निकाल दिला, "कल्पना बरी आहे. पण लिहिणाऱ्यानं आयुष्यात एक दुकान तपासलेलं दिसत नाही."

मग त्यांनी माणसं निवडली. ज्याला बेरीज येते आणि जो खोटं बोलत नाही असा माणूस त्यांना हवा होता, आणि पेठेत असे चारपाचच सापडले हे ते चारचौघांत सांगायचे. मी शेजारच्या गल्लीत आईबरोबर राहायचे आणि मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवायचे, म्हणून सगळ्यांसाठी मी 'बाई'. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारा इक्बाल होता. नातेपुत्याहून येऊन कोर्टात कारकून झालेला बबन होता. आणि गंगाधर. तो तेलुगू विणकरांच्या घरातला. चादरीवरची नक्षी मागावर उमटावी म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम करायचा. एक भोक चुकलं की सगळ्या चादरींवरच्या मोरांची मान वाकडी होते, म्हणून तो प्रत्येक भोक दोनदा मोजायचा. साहेबांनी त्याला एवढ्याच गुणावर घेतलं. पाचवे एक कॉलेजातले प्राध्यापक होते, पण ते फार टिकले नाहीत.

दर रविवारी दुपारी तीन वाजता साहेबांच्या माडीवर आम्ही जमायचो. पहिल्याच रविवारी साहेबांनी पुस्तकात पाहून एक तीन डोक्यांचा राक्षस आणला. गंगाधरनं पहिला फासा टाकला आणि राक्षस मेला. साहेबांचा चेहरा असा पडला की जणू त्यांनाच कुणी मापात फसवलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी सहा लांडगे सोडले, तेही पुस्तकाच्याच हिशेबानं, आणि चहा यायच्या आत आमच्यातले तिघं मेले. बबन हसत सुटला. साहेब हसले नाहीत. "माप माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमची मरणं रद्द." आणि दुसऱ्याचं खोटं वजन धरल्यावर करायचे तसं त्यांनी स्वतःला शासन केलं. पंधरा दिवस त्यांनी चहा घेतला नाही. काकूंना तेवढीच उसंत.

त्या पंधरा दिवसांत त्यांनी घरातली पितळी तागडी काढली, आणि डबाभर चिंचोके निवडून एकसारखे केले. प्रत्येक खेळाडूच्या ताकदीइतके चिंचोके डाव्या पारड्यात. नवशिक्याला दोन, आणि मग जितकी संकटं तो पार करील तितके वाढत जायचे. राक्षस उजव्या पारड्यात. लांडग्यांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. "सहा लांडगे म्हणजे एक मोठा राक्षस नव्हे," ते सांगायचे. "सहा तोंडं म्हणजे सहा वेळा फासा. ज्याला जास्त वेळा हात उचलता येतो तो जड." म्हणून प्रत्येक जास्तीच्या तोंडाला वेगळा चिंचोका. दांडी सरळ झाली की ते उजव्या पारड्यात आणखी एक टाकायचे. काटा किंचित राक्षसाकडे कलायचा. "हा एक तुमच्या अकलेचा," ते म्हणायचे. "तो तुम्ही भरून काढायचा. नाही काढला तर मराल."

आणि ते खरं ठरलं. प्राध्यापक पहिले मेले. एका आंधळ्या अजगरापुढे त्यांनी भाषण केलं, आणि अजगराला ऐकू येत होतं. मेल्यावर ते पुस्तक उघडून वाद घालायला लागले, दुसरा योद्धा घेऊन पुन्हा उतरतो म्हणाले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेलेला माणूस रविवारी कुठं जातो ते मला माहीत नाही. इथं येत नाही. चपला खाली आहेत." आम्हाला वाटलं थट्टा. पुढच्या रविवारी प्राध्यापक जिना चढून आले तेव्हा साहेबांनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून नियमच झाला: जो मेला त्याचा रविवार मेला. खरं सांगते, आम्हाला तो आवडला. जीव जाईल असं वाटल्याशिवाय खेळाला चव येत नाही, आणि प्राध्यापक तसेही कुणाला आवडत नव्हते.

दुसरा नियम शनिवारचा. राक्षस शनिवारी संध्याकाळी तोलला जायचा, त्यामुळे उद्या कोण कोण असणार हे साहेबांना आधी कळायला हवं. ते छत्री घेऊन निघायचे, ऊन असो नसो, आणि चौघांच्या दारात एकेकदा उभे राहायचे. "उद्या?" एवढंच विचारायचे. आपण म्हणायचं, "आहे" किंवा "नाही." 'बघतो', 'बहुतेक', 'जमलं तर' असली उत्तरं चालत नसत. एकदा बबन म्हणाला, "बगू की साहेब, गावाकडनं पावनं यायची हायत." साहेब तसेच उभे राहिले. दहा मिनिटांनी बबन म्हणाला, "न्हाय. लिवा, न्हाय." साहेब पुढच्या दाराकडे गेले.

एकदा 'आहे' म्हटलं की तुम्ही तोलले गेलात. मग रविवारी ताप आला, पाहुणे आले, काही झालं तरी राक्षस तेवढाच. इक्बालला एकदा कावीळ झाली आणि तो येऊ शकला नाही. आम्ही साहेबांना म्हणालो, त्याचे चिंचोके गेले, तेवढे राक्षसाचेही काढा. "राक्षस कमी होत नसतो," ते म्हणाले. "तुम्ही कमी झालात." शिवाय तोललेल्या माणसाचं बटण, म्हणजे भुयारात तो कुठं उभा आहे ते दाखवायला आम्ही फरशीवर खडूनं आखलेल्या नकाशात शर्टाची बटणं ठेवायचो, ते तिथं राहायचंच. "जो तोलला तो भुयारात. देह घरी निजला असेल." त्या दिवशी गंगाधरनं इक्बालचं बटण ओढत ओढत बाहेर काढलं आणि त्यापायी स्वतःचं अर्धं रक्त घालवलं. दुसऱ्या दिवशी इक्बालला हे सांगितलं तर तो पिवळ्या डोळ्यांनी म्हणाला, "क्या आदमी है यार, मेरे बटन के वास्ते."

पण एक सांगायला हवं. साहेबांनी बाहेर पडायची वाट नाही असं भुयार कधी रचलं नाही. कुठं झरोका, कुठं खालून वाहणारं पाणी, कुठं सैल चिरा. "जड माल विकायचा तर गिऱ्हाइकाला परत जायची मोकळीक पाहिजे," हे त्यांचं तत्त्व. वाट कुठं आहे ते मात्र सांगायचे नाहीत. आम्ही कसेबसे जीव वाचवून सुटल्यावर सांगायचे, आणि ते ऐकणं मरणापेक्षा वाईट असायचं, कारण ती नेहमी आमच्या पाठीशीच असायची.

गंगाधरबद्दल मला तेव्हा जे कळायला हवं होतं ते मी नंतर शहाणी झाल्यावर जोडलं. दोन खोल्यांत नऊ माणसं, दिवसभर मागाचा खडखडाट. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत तो अडखळायचा. आठवडाभर त्याच्या तोंडून पुठ्ठे आणि भोकं यापलीकडे काही निघत नसे. रविवारी तीनला तो जिना चढायचा, ढालाईत व्हायचा आणि म्हणायचा, "तुमी मागं व्हा. म्या हाय की." एवढं खणखणीत वाक्य त्याच्या तोंडून आणखी कुठं निघत असेल असं वाटत नाही. दीड वर्षात त्याचे चिंचोके बारा झाले, आमच्यात सगळ्यांत जास्त. माझे नऊ होते. माझ्या मांत्रिकिणीचे निदान सात तरी त्याच्या ढालीआड उभं राहून मिळवलेले.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत अकलूजहून मामाचं पत्र आलं. तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला असलेला एक मुलगा, रविवारी दुपारच्या गाडीनं मुलगी बघायला येतील, संध्याकाळपर्यंत थांबतील. त्याआधी पाच जण मला बघून गेले होते. पाचही वेळा सोमवारी सगळी गल्ली मला विचारायची, "काय म्हणाले गं?" आणि पाचही वेळा ते काय म्हणाले हे मी सांगत हिंडले होते. या वेळी आईनं बजावलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, बोललं की दृष्ट लागते. मला दृष्टीचं काही नव्हतं. मला सोमवारची लाज होती.

शनिवारी संध्याकाळी आई आत बेसन भाजत होती. खमंग वास दारापर्यंत आला होता. साहेब छत्री घेऊन दारात उभे राहिले.

"उद्या?"

'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं नसतं. त्यांनी कधीच कुणाला कारण विचारलं नव्हतं. पण मी दीड वर्षात एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. बबननं लगेच विचारलं असतं, इक्बालनं विचारलं असतं, आणि आई चुलीपासून कान देऊन होती. मी म्हणाले, "आहे."

साहेबांनी एकदा वास घेतल्यासारखं केलं आणि निघून गेले.

रविवारचं मला बबननं सोमवारी कोर्टाच्या मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी येऊन सांगितलं. "बाई, कुटं मेला हुता तुमी?" तो इतका चिडला होता की मी बाई आहे हे विसरला. साहेबांनी चौघांचे चौतीस चिंचोके धरले होते, त्यावर अकलेचा एक, म्हणजे पस्तीसचा राक्षस. हौदात राहणारा, आठ हातांचा. माझे नऊ गेले आणि इकडं पंचवीसच राहिले. दहाचा फरक अकलेनं भरून निघत नाही. "साह्यबांनी सोता सांगितलं, बाई. कदी सांगत न्हाईत, पर सांगितलं. म्हनले, पारडं झुकलंय, डावीकडं वाट हाय, पळा. आमी दोगं पळालो. ह्यो हालंना. म्हनला, बाई येनार हायत. त्या आल्या की एकट्या घावतील."

माझं बटण हौदाच्या काठावर होतं, निळं, चार भोकांचं. गंगाधरनं आपलं बटण त्याच्या पुढं सरकवलं. दर वेळी फासा टाकायच्या आधी तो जिन्याकडे बघायचा. खाली कुणाचं पाऊल वाजलं की म्हणायचा, "आल्या." एकदा दूधवाला होता, एकदा काकूंची शेजारीण. इक्बालनं मागं येऊन माझं बटण ओढून नेलं तेव्हा गंगाधरला ढाल धरायलाही हात उरला नव्हता. साडेचारला तो मेला. त्या सुमाराला मी अकलूजच्या मंडळींना सांगत होते की मला शिवणकाम येतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. उटला, साह्यबांच्या पाया पडला आन् गेला. चपला घालताना लई येळ लावला त्यानं."

मी शाळा सुटल्यावर तशीच साहेबांकडे गेले. ते तागडी पुसत होते. मी सगळं सांगितलं; पत्र, पाहुणे, सोमवारची लाज. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"शनिवारी 'आहे' म्हणालात तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग चूक नव्हे. खोटं वजन."

मी रडायला लागले. म्हणाले, मला काढा आणि त्याला परत घ्या. तो माझ्यामुळे गेला. साहेबांनी फडकं घडी करून ठेवलं. "बाई, मरण आणि गुन्हा एका पारड्यात घालू नका. तो मेला, तो गेला. त्याला वाट होती, तो थांबला. आणि तुम्हाला घरी पाठवणं म्हणजे सुटका. तुम्ही दर रविवारी यायचं. त्याच्या जागेसमोर बसायचं." मग त्यांनी कागदाच्या पुडीत बारा चिंचोके मोजून घातले आणि माझ्या हातात दिले. "हे त्याचे. तुमच्याकडे राहतील. त्याला खरं सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा."

इतका दुष्ट माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. उठून जावं, पुन्हा तोंड बघू नये असं वाटलं. पण पुढच्या शनिवारी छत्री दारात आली आणि मी "आहे" म्हणाले.

अकलूजहून पंधरा दिवसांनी कार्ड आलं, योग नाही म्हणून. काकूंना सांगत होते तेवढ्यात साहेब आतून म्हणाले, "वय किती सांगितलं होतं?"

"चोवीस."

"खरं?"

"सव्वीस."

"मग त्यांनी बरोबर केलं," साहेब म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर गप्प बसला असता. "आधीचे पाच जणही खोटं वजन बघूनच परत गेले असतील," ते पुढं म्हणाले, "एकदा खरं सांगून बघा." मी त्या संध्याकाळी जेवले नाही. पण त्यानंतर आईनं कुणाला माझं वय कमी सांगितलं की मी तिथल्या तिथं दुरुस्त करायला लागले. लग्न झालं नाही ते नाहीच, पण सोमवारची लाज मात्र संपली.

गंगाधरला मी सांगितलं नाही. त्याच्या घरावरून शाळेचा जवळचा रस्ता होता, तो मी सोडला. वळसा घालून जायचे. एकदा बाजारात समोरासमोर आलो तर त्यानं मान खाली घालून विचारलं, "त्या रविवारी बरं नव्हतं का तुमाला?" मी म्हणाले, "ताप होता." दुसरं खोटं वजन. तो म्हणाला, "मला वाटलंच. न्हाय तर तुमी आल्या असत्या की."

एकोणऐंशीच्या दसऱ्यानंतर साहेबांचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं तोवर अंगावर काही उरलं नव्हतं. सगळे म्हणायचे, दिवाळीला घरी याल. डॉक्टर म्हणायचे, काकू म्हणायच्या, अमेरिकेहून पुतण्या पत्रात लिहायचा. साहेब प्रत्येकाकडे वाण्याकडे बघावं तसे बघायचे. एका दुपारी चारच्या भेटीच्या वेळी त्यांनी मला सांगितलं, "उद्या तागडी आणा. आणि डबा." मी आणली. पिशवीतून तागडी काढली तेव्हा शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"तोला," साहेब म्हणाले.

"मी?"

"तुम्ही एकदा खोटं टाकलंत. बाकीचे रोज टाकतात. तुम्हाला त्याची किंमत माहीत आहे."

काकू पायाशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात धरला. मी साहेबांकडे पाहिलं. मनगटं, गालाची हाडं, पांघरुणाखाली न दिसणारे पाय. डाव्या पारड्यात मी तीन चिंचोके टाकले. चौथा हातात घेतला आणि परत ठेवला. मग उजव्या पारड्यात मूठ भरून टाकले. दांडी अशी कलली की पारडं खाटेच्या लोखंडावर आपटलं. परिचारिका वळून बघायला लागली.

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. "वाट?"

"नाही."

"नीट बघितलंत?"

"डॉक्टरांना मी वेगळं गाठून विचारलं. नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं मी त्यांना मारलं. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. अडीच वर्षांत पहिल्यांदा तुमचं माप बरोबर आलं." काकूंना म्हणाले, "आता दिवाळीचं कुणी बोलू नका. पाणी दे." पाणी ते शांतपणे प्याले. त्या महिन्यात त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता, आणि मला त्या माणसाची इतकी माया कधी आली नव्हती.

जाताना धीर करून विचारलं, "गंगाधरला बोलावू? एकदा भेटेल."

"मेलेला माणूस भेटायला येतो का?" ते म्हणाले आणि कुशीवर वळले. हे त्यांचे मला ऐकू आलेले शेवटचे शब्द. आठ दिवसांनी गेले.

सकाळी घर माणसांनी भरलं. ज्यांच्या तागड्या जप्त झाल्या होत्या ते वाणीही आले होते, आणि खोटं सांगू नये, काही जण खात्री करायलाच आले असावेत. मी जिन्याच्या तोंडाशी आले तर खाली गल्लीत गंगाधर उभा होता, चपला काढून हातात घेऊन. बबन त्याला ओढत होता. "चल की वर, येडा हायेस का? आता कोन काय म्हनतंय?"

"मला वर यायला बंदी हाय," गंगाधर म्हणाला. "साह्यबांनी उटवली न्हाय."

तो आला नाही. साहेबांना खाली आणलं तेव्हा त्यानं पुढं होऊन खांदा दिला, आणि स्मशानापर्यंत बदलू दिला नाही.

पुरुषमाणसं परत आली तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. गंगाधरचे केस ओले होते. पुडी माझ्या मुठीत होती, कागद वर्षभरात मऊ पडला होता. मी म्हणाले, "गंगाधर, मला ताप नव्हता. मला बघायला पाहुणे येणार होते. शनिवारीच माहीत होतं. तरी मी 'आहे' म्हणाले."

तो ऐकत राहिला. त्याला एखादं वाक्य जुळवायला नेहमीच वेळ लागायचा, आणि मी तो वेळ उभी राहिले.

"शनिवारीच?"

"हो."

"म्हंजे तुमी येनारच नव्हता."

"नव्हते."

"साह्यबांना ठावं हुतं?"

"दुसऱ्या दिवशी सांगितलं."

त्यानं पुडी घेतली, उघडली आणि तिथंच उभ्या उभ्या मोजली. मग सवयीनं पुन्हा एकदा मोजली. बारा. "मग साह्यबांचं एक माप चुकलं बगा," तो म्हणाला, अजिबात न अडखळता. "त्यांनी मानूस चुकीचा काढला." पुडी खिशात घालून तो निघाला. चपला त्यानं या वेळी झटकन घातल्या.

इक्बाल पुढं पुण्याला गेला, बबनची बदली झाली. गंगाधर रस्त्यात दिसला तर नीट ओळख दाखवायचा, पण थांबायचा नाही. मी कारण विचारलं नाही. वळसा घालणं मात्र सोडलं; त्याच्या घरावरूनच शाळेला जायला लागले.

साहेब गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी काही विचारलं नव्हतं. मीच म्हणाले, "उद्या आहे." रविवारी तीनला जिना चढले. काकूंनी चहा टाकला होता. मी माझ्या नेहमीच्या जागेवर बसले, गंगाधरच्या जागेसमोर.